हाडाला चिकटणारी काच

भट्टीवाली

मंडळी, मागच्या आठवड्यात धाकट्या नणंदेच्या खालच्या दाढेशी छोटी शस्त्रक्रिया झाली. हिरडीखालचं हाड झिजून खड्डा पडला होता, त्यात डॉक्टरांनी पांढरी पूड भरली. घरी आल्यावर फाइलला चिकटवलेलं स्टिकर वाचून तिनं मला फोन केला. "वहिनी, यावर कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट लिहिलंय. माझ्या जबड्यात नक्की भरलंय काय?" मी म्हटलं, काच. पलीकडे एकदम शांतता.

मग अर्धा तास बोललो. तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर मांडते. गेली अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत हीच काच वितळवते आहे, आणि आपल्याकडे तिच्याविषयी मराठीत फारसं कुणी लिहीत नाही याची मला मनापासून खंत आहे.

गोष्ट सुरू होते १९६७ साली. लॅरी हेंच हे फ्लोरिडा विद्यापीठात काच आणि सिरॅमिक शिकवणारे प्राध्यापक. न्यूयॉर्क राज्यात सॅगामोर इथं लष्कराची पदार्थविज्ञानाची परिषद होती, तिकडे जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून नुकताच परतलेला एक कर्नल बसला होता. हेंच त्याला किरणोत्साराचा मारा सोसणाऱ्या पदार्थांबद्दल सांगत होते. ते ऐकून कर्नलनं विचारलं, की मग माणसाच्या शरीरात टिकेल असा पदार्थ तुम्हाला करता येईल का? जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागत होते, कारण त्या वेळच्या धातूला आणि प्लॅस्टिकला शरीर आपलं मानत नव्हतं. असा तुकडा आत बसवला की शरीर त्याच्याभोवती चिवट पापुद्रा विणून त्याला वेगळं पाडायचं.

हेंच यांनी विचार केला तो असा. हाडाचा खनिज भाग म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. मग शरीरात गेल्यावर स्वतःच्या अंगावर तोच थर चढवून घेईल अशी काच केली तर? त्यांनी ठरवलेलं मिश्रण वजनाने असं: सिलिका ४५ टक्के, सोडियम ऑक्साइड २४.५, कॅल्शियम ऑक्साइड २४.५ आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६. हीच ती ४५एस५. फ्लोरिडा विद्यापीठातलेच अस्थिशल्यचिकित्सक टेड ग्रीनली यांनी तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते काढायला गेले तर तुकडे निघेनात. ढकलून पाहिलं, ठोकून पाहिलं, जागचे हलेनात. १९७१ साली हा शोधनिबंध छापून आला. मानवनिर्मित पदार्थ जिवंत हाडाशी रासायनिक बंधानं जोडला गेल्याचं तोपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं.

आता आत काय घडतं ते. खिडकीच्या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर असते. तिची जाळी घट्ट, म्हणून पाऊस लागला तरी काच पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. ४५एस५मध्ये सिलिका कमी आणि सोडियम-कॅल्शियम भरपूर, त्यामुळे जाळी मुळातच सैल असते. शरीरातलं पाणी लागताच काचेतलं सोडियम बाहेर पडतं आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो. पृष्ठभागावर सिलिकाचा जेलीसारखा थर उरतो. त्या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट येऊन बसतात, काही काचेतून आलेले, काही रक्तातले. आधी ते अस्ताव्यस्त असतात, मग कार्बोनेट सामावून घेऊन त्यांचे स्फटिक होतात. हे स्फटिक हाडातल्या खनिजाच्या इतके जवळचे असतात की हाड घडवणाऱ्या पेशी तिथं येऊन चिकटतात आणि कामाला लागतात.

हे मी रोज डोळ्यांनी पाहते. क्योतोच्या कोकुबो यांनी रक्तद्रवासारखी क्षारांची घडण असलेलं एक द्रावण ठरवून दिलं आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत ते द्रावण आणि काचेची चकती घालून बाटली ३७ अंशांवर ठेवायची. काही दिवसांनी चकती काढली की तिची चमक गेलेली असते, वर खडूसारखी साय आलेली असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती साय म्हणजे हुबेहूब फ्लॉवरचा गड्डा, कळीला कळी लागलेली. इतक्या वर्षांनंतरही ते दृश्य दिसलं की मी सगळ्यांना हाक मारून दाखवते.

नणंदेला मी शेवटी एवढंच सांगितलं, की ही काच तिथं कायमची राहायला आलेली नाही. ती हळूहळू विरघळणार आणि तिची जागा तुझं हाड घेणार. आपण काचेला टिकाऊपणासाठी नावाजतो, पण या काचेचं सगळं मोल तिच्या विरघळण्यात आहे, तेही हाड वाढण्याच्या वेगाशी जुळेल अशा बेतानं विरघळण्यात.

इथं दंतवैद्य आणि हाडांचे डॉक्टर आहेत हे मला माहीत आहे. तुमच्या हातातला अनुभव लिहा. प्रश्न असतील तर व्यनि (खासगी निरोप) नको, इथेच विचारा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

शेंगदाणालाडू

फार सुंदर लिहिलंय ताई. वाचनखूण साठवली. एक शंका: काच म्हटल्यावर टोचणार, रक्त काढणार असंच डोळ्यांपुढे येतं. आत कापत नाही का?

भट्टीवाली

टोकदार कण असतातच, पण ते बारीक रव्याएवढे असतात आणि ओल लागली की त्यांच्या कडा काही तासांत बोथट होऊ लागतात. जेलीचा थर चढला की कणाला धार अशी राहतच नाही.

गोदाकाठचा दंतवैद्य

मी नाशिकला हिरड्यांच्या आजारांचं काम करतो. ही पूड आणि तिची तयार पुट्टी, दोन्ही नियमित वापरतो. दातांच्या कामासाठी असे कण १९९३पासून जगात मिळतात, साधारण ९० ते ७१० मायक्रॉनचे. त्याआधी १९८५मध्ये कानातली साखळीची हाडं खराब झालेल्यांसाठी याच काचेचा घडीव तुकडा अमेरिकेत मंजूर झाला होता. म्हणजे हिचा माणसातला प्रवास कानापासून सुरू झाला.

हातातला अनुभव सांगतो. हिरडी उघडून खड्डा खरवडून स्वच्छ केला की तळातून थोडं रक्त यायला हवं, कोरड्या खड्ड्यात भरून उपयोग नाही. छोट्या वाटीत पूड घेऊन सलाइनचे थेंब टाकायचे आणि मिनिटभर थांबायचं. आधी ती ओल्या वाळूसारखी सुटी असते, मग कण एकमेकांना धरतात. चमच्यावर उचलली तर सांडत नाही. खड्ड्यात ठेवल्यावर रक्ताशी मिसळून तिचा गोळा होतो आणि भळभळ थांबते. हे रक्त धरण्याचं काम इतर पुडींपेक्षा ही काच चांगलं करते असं माझं मत आहे. दाबून ठासायची मात्र नाही. कणांच्या मधल्या फटींतूनच रक्तवाहिन्या आत जाणार आहेत. फटी बुजवल्या तर हाड येणार कुठून?

आता नणंदबाईंसाठी महत्त्वाचं. सगळ्या खड्ड्यांत ही सारखी चालत नाही. तीन बाजूंनी हाडाची भिंत शाबूत असलेला खोल, अरुंद खड्डा असेल तर निकाल चांगला मिळतो. भिंत एकच उरली असेल किंवा हाड सगळीकडून सपाट झिजलं असेल, तर कितीही महाग पूड आणा, ती जागेवर थांबतच नाही. रुग्ण विचारतात, "डॉक्टर, ते परदेशी मटेरियल भरा ना." मी त्यांना एक्सरे दाखवून सांगतो, की मटेरियल नंतर बघू, आधी भिंती मोजू.

सहा आठवडे त्या बाजूनं सुपारी, चिक्की, भाजलेले दाणे बंद. ब्रश कसा करायचा ते तुमचे डॉक्टर सांगतील तसंच करा.

अवांतर: याच काचेची अतिबारीक पूड दातांना ठणका लागणाऱ्यांच्या काही टूथपेस्टमध्ये असते. दाताच्या उघड्या पडलेल्या सूक्ष्म नळ्यांच्या तोंडाशी तोच खनिजाचा थर बसतो आणि गार पाण्याची कळ कमी होते.

अजिंक्यताऱ्याखाली

नमस्कार. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. थोरल्या भावाचा पावणेदोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून अपघात झाला. उजव्या नडगीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. पहिल्या ठिकाणी रॉड टाकला. तीन महिन्यांनी जखमेतून पू यायला लागला. दोनदा साफ केलं, रॉड काढला, बाहेरून सळ्यांची चौकट लावली. तरी दीड महिना बरा गेला की त्याच भोकातून परत पाणी झरतं. हाड अजून जुळलेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडात जंतू घर करून आहेत, मेलेलं हाड काढावं लागेल आणि पोकळी भरावी लागेल. कमरेचं हाड काढून भरू म्हणाले. भाऊ शेती करतो. त्याला आता आणखी एका ठिकाणी चिरून घ्यायची भीती वाटते. ही काच त्याच्या पायात चालेल का?

एक्सरेवाचक

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. भावाला तपासल्याशिवाय उपचार सांगणं बरोबर नाही, ते मी करणार नाही. पण तुम्ही पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय समजून घ्यायचं, ते लिहितो.

हाडातला जुना जंतुसंसर्ग एवढा चिवट का? मेलेल्या हाडात रक्त जात नाही. रक्त नाही म्हणजे अँटिबायोटिक तिथं पोचत नाही. जंतू त्यावर चिकट थर करून बसतात. म्हणून पहिलं आणि सर्वांत मोठं काम म्हणजे मेलेलं हाड काढणं. छिन्नी मारत मारत हाडातून टिपूस टिपूस रक्त दिसेपर्यंत जावं लागतं. हे काम अर्धवट झालं तर वर काहीही भरा, पू परत येणार.

त्यानंतर पोकळी उरते, आणि रिकामी पोकळी रक्तानं भरते आणि तिथं जंतूंना आयतं खाद्य मिळतं. पूर्वीपासूनची पद्धत म्हणजे अँटिबायोटिक घातलेल्या, हाडांसाठीच्या खास सिमेंटचे मणी भरायचे. ते चालतात, पण सिमेंट विरघळत नाही. काही आठवड्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून मणी काढायचे आणि मग कमरेचं हाड भरायचं.

इथं एक वेगळी काच कामी येते. ती ४५एस५ची चुलत बहीण म्हणा, एस५३पी४. तिच्यात सिलिका ५३ टक्के, सोडियम ऑक्साइड २३, कॅल्शियम ऑक्साइड २०, फॉस्फरस पेंटॉक्साइड ४. फिनलंडमध्ये विकसित झाली. हिचे दाणे पोकळीत भरले की सोडियम-कॅल्शियम सुटून आजूबाजूचा द्रव अल्कधर्मी होतो आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं. त्या वातावरणात जंतू तग धरत नाहीत. या काचेमध्ये अँटिबायोटिक नसतं, म्हणून औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंवरही तिचा परिणाम होतो. पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक मात्र द्यावंच लागतं, ते टळत नाही. सहा देशांतल्या ११ केंद्रांमधल्या ११६ रुग्णांचा एकत्रित अहवाल २०१७मध्ये आला, त्यात एकाच शस्त्रक्रियेत हे करून साधारण ९० टक्के रुग्णांचा संसर्ग गेला होता. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो, पण हेही सांगतो की असे अहवाल अनुभवी केंद्रांतून येतात.

आता मर्यादा. काच ठिसूळ आहे. तडा पसरू न देण्याची ताकद नडगीच्या टणक हाडात या काचेच्या कितीतरी पट असते. म्हणून काच वजन पेलत नाही, कधीच नाही. ती चारही बाजूंनी हाड असलेल्या पोकळीत भरायची वस्तू आहे. भावाचं हाड जुळलेलंच नसेल आणि मध्ये फट असेल, तर त्याला स्थिर करणं, म्हणजे चौकट, इलिझारोव्ह (पायाभोवती बाहेरून लावायच्या कड्यांची चौकट) किंवा आणखी काही, हा आधीचा प्रश्न आहे. दोन टोकं हलत असतील तर मधली काच काही करू शकत नाही. तिसरं, वर चांगली त्वचा आणि स्नायू हवा. नडगीच्या पुढच्या बाजूला कातडी पातळ असते, प्लास्टिक सर्जनची मदत लागू शकते.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. भाऊ तंबाखू खातो का?

अजिंक्यताऱ्याखाली

डॉक्टर, तुम्ही एवढा वेळ दिलात, कसे आभार मानू. हो, मळून खातो. दिवसातून आठ-दहा वेळा.

एक्सरेवाचक

मग पुढच्या शस्त्रक्रियेच्या आधी ते बंद व्हायला हवं. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड जुळायला उशीर होतो. या धाग्यात ज्या काचेचं कौतुक चाललंय तिचं यशही शेवटी तिथं रक्त किती पोचतं यावर आहे.

औराकाठी

मी सध्या फिनलंडमधल्या तुर्कूत राहते. औरा ही इथली नदी, म्हणून हे नाव. एस५३पी४ काच याच गावातली. इथल्या ओबो अकादमी विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ आणि तुर्कू विद्यापीठातले शल्यचिकित्सक यांनी मिळून तिच्यावर काम केलं. कपाळामागची हाडातली पोकळी सतत सुजून पुवानं भरते अशा रुग्णांमध्ये ती पोकळी काचेच्या दाण्यांनी बुजवण्याचं काम इथं नव्वदच्या दशकातच झालं. हाडातल्या साध्या गाठी खरवडून उरलेल्या खड्ड्यांतही ती भरली आणि त्या रुग्णांना चौदा वर्षं तपासत राहिले. युरोपात ती २००६पासून मान्य आहे.

माझ्या ओळखीच्या एका आजींच्या बोटाच्या हाडात लहानपणी गाठ होती, तरुणपणी तिथं काच भरली. एक्सरेत ते दाणे अजूनही पांढरे ठिपके दिसतात. आजींना काहीच त्रास नाही, विणकाम करतात. पण मूळ लेखात विरघळते म्हटलंय, मग हे कसं?

भट्टीवाली

औराकाठी, फार मोलाचा प्रश्न. विरघळण्याचा वेग तीन गोष्टींवर असतो: घडण, कणाचा आकार आणि जागा. एस५३पी४मध्ये सिलिका जास्त, म्हणून ती ४५एस५पेक्षा सावकाश विरघळते. दाणा मोठा असेल तर बाहेरून खनिजाचा थर चढतो आणि आतला गाभा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. त्या थराशी हाड जोडलेलं असतं, त्यामुळे त्रास होत नाही. एक्सरेत ठिपके दिसले म्हणजे उपचार फसला असं समजायचं कारण नाही. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी दातांच्या बारीक पुडीबद्दल लिहीत होते, तिथं चित्र वेगळं असतं. हे तेव्हाच स्पष्ट करायला हवं होतं.

सिलिका साठ टक्क्यांच्या पुढे गेली की वितळवून केलेली काच हाडाशी जोडलीच जात नाही, नुसती पडून राहते.

शेंगदाणालाडू

ताई, तुम्ही भट्टीत नक्की करता काय, तेही लिहा ना. मला ते फार ऐकायचंय.

भट्टीवाली

मनापासून लिहिते. सिलिकाची शुद्ध पूड, सोडियम कार्बोनेट, कॅल्शियम कार्बोनेट आणि फॉस्फेट नीट तोलून, तासभर घोळून एकजीव करायचं. प्लॅटिनमच्या मुशीत ते अर्ध्याच उंचीपर्यंत भरायचं, कारण तापताना कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि माल दुधासारखा उतू येतो. मग १३५० ते १४०० अंश. दार उघडलं की मुशीत पिवळाधमक रस दिसतो, एकतारी पाकापेक्षाही पातळ. खिडकीची काच त्या तापमानाला मधासारखी जड वाहते, ही पाण्यासारखी सांडते. पूड करायची असेल तर रस थेट पाण्यात ओततो. फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज होतो आणि तळाला खडीसाखरेसारखे तुकडे जमतात. ते लगेच वाळवायचे, पाण्यात ठेवले तर काच तिथंच काम सुरू करते.

माझी एक चूक सांगते, शिकणाऱ्यांना उपयोग होईल. सुरुवातीच्या वर्षी प्लॅटिनमची मूस दुसऱ्या कामात अडकली होती. मला घाई होती, म्हणून ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीत वितळवलं. काच स्वच्छ, पारदर्शक आली. बाटलीत ठेवली. आठवडा गेला, दोन गेले, साय येईना. चकती जशीच्या तशी चमकत होती. द्रावण तीनदा नव्यानं केलं, दोष तिथं असेल म्हणून. शेवटी काचेचं रासायनिक पृथक्करण केलं तेव्हा कळलं, की या पातळ रसानं मुशीचाच ॲल्युमिना खाऊन घेतला होता. दोन-तीन टक्के ॲल्युमिनासुद्धा या काचेची सैल जाळी घट्ट करतो आणि ती हाडाशी जोडलं जाणं विसरते. दीड महिन्याचं काम गेलं. तेव्हापासून मूस मिळेपर्यंत थांबते.

दुसरी अडचण अजून सगळ्या जगाला पुरती सुटलेली नाही. हाडासारखा जाळीदार सांगाडा करायचा तर पुडीचे कण तापवून एकमेकांना चिकटवावे लागतात. पण ४५एस५ला तेवढं तापवलं की चिकटण्याच्या आधी तिच्यात स्फटिक वाढू लागतात. मग सांगाडा नीट घट्टही होत नाही आणि विरघळणंही मंदावतं. म्हणून लोक वेगळ्या घडणी शोधतात. द्रावणातून जेल करून, कमी तापमानाला काच बनवायची पद्धत १९९१मध्ये आली. तिच्यात सूक्ष्म छिद्रं इतकी असतात की सिलिका नव्वद टक्क्यांच्या जवळ नेली तरी काच शरीराशी बोलते. सिलिकाऐवजी बोरेट वापरलेल्या काचा आणखी झपाट्यानं विरघळतात. अमेरिकेत मिझुरीमध्ये त्यांचे कापसासारखे तंतू करून न भरणाऱ्या जखमांवर वापरायला सुरुवात झाली आहे.

आपल्या देशातही काम आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हायड्रॉक्सीअपेटाइट (हाडातल्या खनिजासारखा कॅल्शियम फॉस्फेट) आणि ही काच एकत्र करून हाडात भरायचे दाणे तयार झाले. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेतही अशा काचांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. आपल्या रुग्णांना परवडेल असा माल इथंच व्हावा ही माझी फार इच्छा आहे.

गोदाकाठचा दंतवैद्य

ॲल्युमिनाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आम्ही पाकीट फोडतो आणि वापरतो, त्यामागे एवढी निगराणी असते हे लक्षातच येत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली

सगळ्यांना कळवतो. काल भावाला घेऊन मोठ्या शहरात गेलो होतो. डॉक्टर एक्सरेवाचक यांनी लिहिलेले मुद्दे वहीत उतरवून नेले होते. तिथल्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, की आधी मेलेलं हाड काढून इलिझारोव्हची रिंग लावायची. खालच्या टोकाशी हाडात बंद पोकळी आहे, तिथं काचेचे दाणे भरता येतील. मधल्या फटीत काच चालणार नाही, तिथं हाड ताणून वाढवावं लागेल. कमरेचं हाड बहुधा लागणार नाही. खर्चाचा अंदाज लेखी दिलाय. भावानं परतीच्या एसटीत बसायच्या आधी खिशातली पुडी आणि चुन्याची डबी माझ्या हातात दिली. काही बोलला नाही.

एकच विचारायचं राहिलं. सध्या चालू असलेली अँटिबायोटिकची गोळी बंद करायला सांगितली आहे. संसर्ग असताना गोळी बंद? घरचे घाबरलेत.

एक्सरेवाचक

घाबरू नका, यामागे कारण आहे. शस्त्रक्रियेत हाडाचे चार-पाच ठिकाणचे नमुने जंतू तपासायला पाठवतात. गोळी चालू असेल तर जंतू दबून राहतात आणि नमुन्यात उगवत नाहीत. मग नेमकं कोणतं औषध द्यायचं ते कळत नाही. म्हणून साधारण दोन आठवडे आधी गोळी थांबवतात. त्या काळात ताप आला, थंडी वाजली किंवा पाय लाल होऊन सुजला तर वाट न बघता त्यांना फोन करा. आणि पहिल्या अपघातापासूनचे सगळे एक्सरे तारखेप्रमाणे लावून न्या. नवी फिल्म एकटी पाहून मेलेलं हाड कुठवर आहे ते ठरवणं कठीण जातं.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जखमेतून स्वच्छ पाणी झिरपू शकतं, काचेच्या रुग्णांत ते थोडं जास्त दिसतं. रंग बदलला किंवा वास आला तर लगेच दाखवा.

अजिंक्यताऱ्याखाली

एक्सरे सगळे आहेत, आईनं गादीखाली सपाट ठेवलेत. आज रात्री तारखा लावून घेतो. सोमवारी भरती व्हायचंय.